दार बाहेरून लावलं गेलं

"वहिनी, या पोरींच्या वह्या तुमी नुसत्या तपासता का वाचता पन?" असं कांतानं विचारलं होतं, आणि कमलिनी हसली होती. ही गोष्ट दिवाळीच्या आधीची. कारखान्याच्या वसाहतीत मागच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहणारी कांता टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. मुलीला ट्यूशनवरून न्यायला आली की बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसायची आणि टेबलावरची वरची वही सहज उघडायची. दिवसभर लोकांचं बोलणं कानात भरून घेणारी बाई, संध्याकाळी डोळ्यांना काही काम हवं असेल, असं कमलिनीला वाटायचं. त्या दिवशी वरची वही साधनाची होती. कांतानं दोन पानं वाचली, वही मिटली आणि तसं विचारलं. "एकच झालं की ते," कमलिनी म्हणाली. "एकच नाई. ते उतईवाली काय लिहून राहिली ते पाहा एकदा. मले इंग्लिश कमी समजते, पन एवढं समजते." तेवढ्यात तिची मुलगी चपला घालून दारात उभी राहिली आणि विषय तिथंच तुटला. संध्याकाळी अंगणात सिगडी पेटवताना कमलिनीनं नवऱ्याला सांगितलं होतं, आता एक्सचेंजवाल्या मला व्याकरण शिकवणार म्हणे, आणि शामसुंदर हसला होता, आणि तीही हसली होती. ते हसणं आता आठवलं की तिला स्वतःचे दात दिसतात.

साधना उतई गावच्या देवरावची बायको. माहेर पुलगावचं, अकरावी झाली आणि लग्न झालं, आणि आता चार वर्षांनी मध्यप्रदेश बोर्डाची बारावी प्रायव्हेट देत होती. देवराव कारखान्यात क्रेनवर होता, उतईहून सायकलनं यायचा. सुनेनं शिकावं असं घरात कुणाला का वाटलं हे कमलिनीनं कधी विचारलं नाही. बारावी झाली की बालवाडीत लागेल, एवढं साधनानंच सांगितलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती टेम्पोनं यायची, साडेतीनला बरोबर फाटकाची कडी वाजायची. शाळकरी मुली यायच्या आधीचा हा अर्धा तास तिचा एकटीचा. बाकी विषय ती आपले आपण करायची, इंग्रजीत मात्र अडायची, आणि इंग्रजीतही कर्मणी प्रयोगात. पेपरात त्याला दहा मार्क असतात. गाइडमधली वाक्यं कमलिनीला आवडत नसत: राम रावणाला मारतो, रावण रामाकडून मारला जातो, माळी झाडांना पाणी घालतो, झाडांना माळ्याकडून पाणी घातलं जातं. अमरावतीला बी.ए. करताना तिनंही हेच घोकलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की आपण कधी शिकवलं तर असं शिकवायचं नाही. म्हणून तिची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीचा तिला थोडा अभिमानही होता. पोरींना ती सांगायची, पुस्तकातलं काही आणू नका, आपल्या घरात काल जे झालं ते लिहा. रोज दहा वाक्यं. भाजी चिरली गेली, कपडे धुतले गेले, पाणी भरलं गेलं. भाषा घरात राहायला आली पाहिजे, पाहुण्यासारखी नको.

आणि साधना खरंच घरातलं लिहायची. सुरुवातीला पोळ्या, गाय, शेण, लाकडं. मग एका शुक्रवारी तिनं पेनाचं टोपण दातात धरून विचारलं होतं, "ताई, ते 'बाय' लिहिनं जरुरी हाये का? म्हंजे कोनी केलं ते?" कमलिनीनं पुस्तकात असतं तेच सांगितलं: करणारा माहीत नसेल किंवा त्याला महत्त्व नसेल तर तो गाळायचा. साधनानं टोपण दातातून काढलं. "आनि मालूम असन, पन सांगता येत नसन तर?" कमलिनी तेव्हा आपल्या लेकीच्या, मिनूच्या, तोंडातला खडू काढत होती. "तरी चालतं," ती म्हणाली. "उलट तेच बरं. वाक्य छोटं होतं."

तीन मंगळवार झाले, साधना आली नव्हती. संक्रांत होऊन गेली होती. दुपारी ऊन छान पडायचं आणि दोरीवरच्या कपड्यांवर कारखान्याची ती बारीक तांबूस धूळ रोजच्यासारखी बसायची. कमलिनी कपडे झटकता झटकता फाटकाकडे बघायची. परीक्षा जवळ आली, घरी बसून करत असेल, असं ती स्वतःला सांगायची. तिसऱ्या मंगळवारी साडेतीन वाजून गेले आणि ती आत आली, तर मिनू टेबलाखाली बसलेली, मांडीवर साधनाची वही, आणि हातात तपासायचं लाल पेन. तीन वर्षांची पोर, सबंध पानभर गोल गोल गोल काढलेले. कमलिनीनं वही ओढली आणि दुसऱ्या हातानं पोरीच्या पाठीत एक दिली. आवाज झाला. मिनू रडली नाही लगेच. आधी तिनं आईकडे पाहिलं, जणू आईच्या मागं आणखी कुणी उभं आहे आणि मारलं ते त्यानं. मग रडली. कमलिनी तिला कडेवर घेऊन थोपटत राहिली आणि थोपटता थोपटता वहीचं पान टेबलावर सरळ करत राहिली, आणि लाल गोलांच्या आत अडकलेलं एक वाक्य तिच्या डोळ्यांपुढं आलं. साधनाच्या ठसठशीत, जरा जास्तच दाबून काढलेल्या अक्षरात. आय विल बी नॉट सीन. मी दिसणार नाही. म्हणजे, मी पाहिली जाणार नाही. त्यावर कमलिनीच्याच हातची खूण होती: 'नॉट'ला गोल करून बाण काढून 'विल'च्या पुढं नेलेलं. आय विल नॉट बी सीन. बाजूला बरोबरची खूण, आणि खाली लिहिलेलं, गुड.

ती खाली बसली. मिनू हुंदके देत देत तिच्या खांद्यावर झोपून गेली तरी ती बसूनच होती. त्या शेवटच्या पानावरचा धडा भविष्यकाळाचा होता, म्हणून दहाही वाक्यं भविष्यातली. आई-बाबांना पत्र लिहिलं जाणार नाही. मंगळवारी मला घरी ठेवलं जाईल. वही जाळली जाईल. मला मागच्या खोलीत ठेवलं जाईल. दहापैकी नऊ मार्क. एक कापला होता तो 'विल बी केप्ट'मधल्या 'केप्ट'चं स्पेलिंग चुकलं म्हणून. ती पानं उलटी उलटी मागं जाऊ लागली, जणू एखाद्या घरात मागच्या दारानं शिरत होती. डिसेंबर. दार बाहेरून लावलं गेलं. डाळ फेकली गेली. ताट फेकलं गेलं; इथं तिनं 'थ्रोड' खोडून 'थ्रोन' केलं होतं आणि समासात तीनदा लिहून आण म्हणून सांगितलं होतं, आणि खाली साधनानं खरंच तीनदा लिहिलं होतं, ताट फेकलं गेलं, ताट फेकलं गेलं, ताट फेकलं गेलं. नोव्हेंबर. माझे केस ओढले गेले. शेजारच्या बाईला सांगितलं गेलं की मी पडले. स्टोव्ह भरला गेला. मला स्टोव्ह दाखवला गेला. हे वाक्य तिनं तेव्हा वाचलं असेल तेव्हा काय वाटलं असेल? तिला आठवेना. काही वाटल्याचं आठवेना. आठवत होतं ते इतकंच की दोन कर्मं असलेलं वाक्य साधनाला बरोबर जमलं याचा आनंद झाला होता, आणि शामसुंदरला तिनं ते कौतुकानं सांगितलं होतं, खेड्यातली आहे पण डोकं आहे हो. ऑक्टोबरातल्या एका पानावर, ज्या पानावर कांतानं बोट ठेवलं असणार, दहाही वाक्यांत करणारा नव्हता. एकाही वाक्यात माणूस नव्हता. नुसतं होत होतं. घर असं की ज्यात वस्तू आपोआप उडतात, दारं आपोआप लागतात आणि एक बाई आपोआप भिंतीवर आदळते. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल बरोबर, लाल बरोबर, लाल बरोबर.

शेवटच्या दिवशी साधनाच्या मनगटाला पट्टी होती, चिंधीची, हळद वर आलेली. हे आता आठवलं, आणि त्याच्या मागोमाग स्वतःचा आवाजही आठवला. "काय गं हे?" "भाजलं, ताई." "स्टोव्हवर का चुलीवर?" एवढंच विचारलं होतं. स्टोव्हवर का चुलीवर. जणू त्यानं काही ठरणार होतं. साधना म्हणाली होती, "स्टोव्हवर," आणि डाव्या हातानं वही पुढं सरकवली होती. आणि कमलिनीनं आपल्याकडचं मलम दिलं होतं, अर्धी ट्यूब, आणि मनात वाटलं होतं की आपण किती करतो या पोरीसाठी.

संध्याकाळी शामसुंदर घरी आला तेव्हा मिनू जागी होती. त्यानं बूट काढायच्या आधीच ती त्याच्या गुडघ्याला चिकटली आणि पाठ वळवून दाखवली. "लागलं," ती म्हणाली. "कुठं लागलं माह्या बाईले? कसं लागलं?" "लागलं." "पडली का तू?" मिनूनं आईकडं पाहिलं, आणि मग जमिनीकडं पाहिलं, आणि हलकेच म्हणाली, "लागलं." शामसुंदरनं फुंकर घातली, झालं, गेलं बघ, आणि पोर हसली. कमलिनी चहाचं आधण ठेवून ऐकत होती. तीन वर्षांच्या पोरीला हे कोण शिकवतं? कुणीच शिकवत नाही. कप फुटला, दूध सांडलं, लागलं. तीच तर शिकवते, दिवसभर, स्वतःच्या तोंडानं. मी मारलं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पण शामसुंदर तोवर बाथरूममध्ये गेला होता आणि नळाचा आवाज सुरू झाला होता.

जेवताना तिनं वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एका हातानं पानं उलटली, दुसरा भातात. "मंग? ग्रामर आहे हे." "अहो, नीट वाचा." "वाचलं. तूच सांगते ना, घरातले वाक्य लिहा म्हणून. लिहिले तिनं काही बनवून. दहा वाक्यं रोज कुठून आणन?" "स्टोव्ह दाखवला गेला, असं कुणी बनवून लिहील?" त्यानं वही बाजूला सरकवली. वाईट माणूस नव्हता तो, हे तिला आताही म्हणावंसं वाटतं. फक्त कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये बसणाऱ्या माणसाला हजेरी लागली की सगळं ठीक वाटतं. "हे पाहा कमल, देवरावले मी ओळखतो. शांत माणूस आहे. दारू नाही, पत्ते नाही. तू कावून डोक्यात घेऊन राहिली? दुसऱ्याच्या घरात आपण काय म्हणून घुसावं? आणि ठाण्यात जायचं म्हटलं तर लिहून काय देशील, माझ्या विद्यार्थिनीचं भाषांतर?" तरी दुसऱ्या दिवशी त्यानं हजेरीची कार्डं पाहिली आणि येऊन सांगितलं, महिनाभर देवराव एकही दिवस गैरहजर नाही. रोज वेळेवर. डबा घेऊन येतो, लोकांत बसून खातो, लोणचं वाटतो. "म्हणतो, मिसेस माहेरी गेली. झालं समाधान?" झालं, असं ती म्हणाली. पण रात्रभर तिच्या डोक्यात तो डबा होता. चार पोळ्या, भाजी, लोणचं. कुणी करून दिला? सासू म्हातारी, तिला हल्ली दिसत नाही, स्वयंपाक सगळा मीच करते, असं साधना म्हणायची. सकाळी पाचला उतईच्या त्या घरात पोळ्या लाटल्या जातात, भाजी फोडणीला टाकली जाते, डब्याचं झाकण लावलं जातं. तिला स्पष्ट दिसत होतं: लाटणं, तवा, डब्याची खिट्टी. हात दिसत नव्हते.

पुलगावचा पत्ता तिच्याकडे होता, परीक्षेचा फॉर्म तिनंच भरून दिला होता. गुरुवारी तिनं साधनाच्या वडलांना, भैय्याजींना, पत्र टाकलं: मी साधनाला इंग्रजी शिकवते, ती तिकडे पोचली असेल, अभ्यास कसा चालला आहे, कळवावं. मुद्दाम साधं लिहिलं. त्या आठवड्यात तिला सगळीकडं तेच दिसू लागलं. सेक्टरच्या मार्केटातल्या फळ्यावर हिंदीत लिहिलेलं की सर्वांना सूचित केलं जातं, गुरुवारी पाणी बंद ठेवलं जाईल. वर्तमानपत्रात आतल्या पानावर कुठल्या तरी गावची बाई जळालेल्या अवस्थेत आढळली, आणि खाली, तपास केला जात आहे. तिच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट आई आजही सांगते ती अशीच: कमलला दाखवलं, कमल पसंत पडली, कमलला देऊन टाकलं. सात वर्षांत तिला त्यात कधी काही खुपलं नव्हतं. शामसुंदर चांगला निघाला म्हणून खुपलं नव्हतं, एवढंच. तो तसा निघाला नसता तर हीच वाक्यं जशीच्या तशी राहिली असती आणि त्यांच्या आत काहीही करता आलं असतं. शाळकरी मुली येऊन बसल्या की ती त्यांच्याकडे बघे. ही कांताची पोर, दोन वेण्या, पेन्सिलीचं टोक जिभेला लावते. हिनं लिहिलंय, दूध गरम केलं गेलं. कमलिनी विचारायची, "कुणी गं?" पोर दचकून बघायची. "आईनं. चुकलं का, मॅडम?" "नाही. बरोबर आहे."

शनिवारी संध्याकाळी तिनं कांताला गाठलं आणि वही हातात दिली. कांतानं ती उघडली नाही. "मले मालूम हाये त्यात काय हाये," ती म्हणाली. पुढं काही टोचून बोलेल म्हणून कमलिनी वाट बघत होती, पण कांता एवढंच म्हणाली, "उद्या माह्यी सुट्टी हाये. चला. दोघी बाया गेल्या तर कोनी काई म्हनत नाई, पाहुन्या म्हून जाऊ." मिनूला ठेवायला कुणी नव्हतं, शामसुंदरची रविवारी ड्यूटी लागली होती आणि त्याला हे सांगायचंही नव्हतं, म्हणून पोरीला घेऊन त्या टेम्पोत बसल्या. वाटेत कांतानं शेंगदाणे घेतले आणि मिनूला एकेक सोलून देत राहिली. "भेव वाटून राहिलं का, वहिनी?" "नाही." "मले वाटून राहिलं," कांता म्हणाली, आणि हसली.

घर सापडायला त्रास झाला नाही. मातीचं मोठं अंगण, सारवलेलं, गोठा, एका अंगाला दोन खोल्या आणि मागं आणखी एक, तिचं दार अंगणात उघडणारं. देवराव दुपारच्या उन्हात सायकल उलटी करून चेनला तेल घालत बसला होता. त्यांना पाहून लगेच उठला, हात पुसले, हात जोडले. "या या, मॅडम. आमच्या घरी तुमचे पाय लागले." गोरासा, बारीक मिशीचा, डोळ्यांत बघून न बोलणारा माणूस. कमलिनीच्या मनात जो देवराव तयार झाला होता तो असा नव्हता आणि म्हणून ती जास्त घाबरली. त्याची आई, रंभाबाई, पदर सावरत ओट्यावर आली. "मास्तरीनबाई का? बसा माय, बसा. च्या मांडते." आणि ती खरंच आत गेली आणि चहा मांडला, चाचपडली नाही, कप शोधला नाही, ज्या बाईला दिसत नाही ती काठोकाठ कप भरून न सांडता घेऊन आली. कमलिनीनं साधनाचं विचारलं. "माहेरी धाडली," म्हातारी म्हणाली. "तिच्या मायची तब्बेत नाई ना बरी. येईन, होळीच्या आंधी येईन." "परीक्षा आहे तिची." "परीक्षा काय, मंग देईन. पोट्टीची जात, जिमेदारी पयले." देवरावनं मिनूला उचललं होतं. सायकल सरळ करून त्यानं तिला दांड्यावर बसवलं आणि तिचं बोट धरून घंटी वाजवायला लावली. ट्रिंग. मिनू खिदळली. ट्रिंग. त्याचा दुसरा हात पोरीच्या पोटाभोवती होता, बोटांना काळं तेल. "लई गोड पोट्टी हाये मॅडम," तो म्हणाला. "पोट्टीच्या जातीले जपा लागते, नाई?"

कांता चहाचा कप तसाच खाली ठेवून अंगणात फिरत होती, गाय बघितल्यासारखं करत. "आनि या मांगच्या खोलीत काय ठेवता, आजी?" "गाईच्या ढेपेचे पोते. ढोर घुसते म्हून कुलूप." पितळी कुलूप, मोठं, नवीन. कमलिनी जिथं बसली होती तिथून ते दार तिला सरळ दिसत होतं, आणि कांताला कडेनं. दाराच्या खालच्या फटीतून पाणी बाहेर येत होतं. फार नाही, बोटभर धार, सारवलेल्या जमिनीवर वाट काढत, आणि तिच्या कडेला फेस. पांढरा, साबणाचा. एक बुडबुडा उन्हात क्षणभर रंग दाखवून फुटला. ढेपेच्या पोत्यांना कुणी साबण लावत नाही. हे वाक्य तिच्या मनात पूर्ण तयार झालं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळ्यासकट. कांता त्या दाराकडे दोन पावलं गेली. अजून चार पावलं, आणि तिचा पाय त्या पाण्यात पडला असता. देवरावचा हात मिनूच्या पोटावर होता. तो कांताकडे बघत होता, घंटी वाजायची थांबली होती. आणि कमलिनी उभी राहिली आणि म्हणाली, "चल कांता, टेम्पो चुकेल."

तिनंच म्हटलं ते. दुसऱ्या कुणी नाही. हे ती आता दिवसातून कितीदा तरी स्वतःला सांगते, एखादं पाढ्यातलं घर सुटू नये तसं. मी बघितलं. मी उठले. मी कांताला बोलावून घेतलं. मी माझी पोर त्याच्या हातातून घेतली आणि त्याला म्हटलं, थँक्यू. टेम्पोत कांता शेजारीच बसली होती. सांगावं असं तीनदा ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर कांतानं तिथंच टेम्पो थांबवला असता, आणि मिनू मांडीवर होती, पोटावरच्या झबल्याला तेलाचे चार काळे डाग. घरी जाऊन सांगू, असं म्हटलं. उद्या सांगू, असं म्हटलं. सोमवारी सकाळी कांता आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला निघून गेली, पंधरा दिवसांसाठी. सोमवारी संध्याकाळी मिनूचं अंग तापलं आणि मंगळवारी तिच्या कानामागं गोवराचे बारीक दाणे दिसले.

गोवर खरा आहे. तीन दिवस पोर अंगाला चिकटून आहे, डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून खिडकीला चादर लावली आहे, आणि त्या अंधाऱ्या खोलीत बसून कमलिनीला हेही कळतं की हा ताप तिच्या सोयीचा आहे. तापल्या पोरीला टाकून जा असं कुणीच म्हणणार नाही. शामसुंदरला तिनं काल सगळं सांगितलं, साबणाच्या फेसासकट. त्यानं खिडकीवरची चादर सारखी केली. मग म्हणाला, कुणी भांडी घासली असतील. मग म्हणाला, त्या खोलीत मोरी असेल. मग म्हणाला, पोरीचं बरं होऊ दे, मग बघू. पोलीस ठाण्यावरून जाताना तो आज सकाळी मात्र आत गेला, हे त्याचं त्यालाही नवल वाटलं असावं. परत आला तेव्हा शर्टाच्या खिशाशी चाळा करत होता. "म्हणले, नोंद करून घेतली जाईल. चौकशी केली जाईल." "कोण करणार? कधी?" "तसं नाही सांगितलं." आणि हे बोलून त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिला त्याच्या चेहऱ्यावर आपल्यासारखीच भीती दिसली.

आज दुपारी पोस्टमननं कार्ड टाकलं. पुलगावचं. निळ्या शाईतलं सरळ, जुन्या मास्तरी वळणाचं अक्षर. स. न. वि. वि. आपलं पत्र पावलं. चि. साधना इकडे आलेली नाही. संक्रांतीला तिला आणायला येतो म्हणून जावयांना लिहिलं होतं, परंतु अभ्यासामुळे पाठवता येत नाही असं त्यांनी कळवलं. तिच्या आईची प्रकृती उत्तम आहे. मुलगी दूर दिली की जीव लागून राहतो. पण आपल्यासारख्या शिकलेल्या बाईच्या नजरेखाली ती आहे हे वाचून आम्ही दोघंही निर्धास्त झालो. कळावे, भैय्याजी.

निर्धास्त. तिनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि घड्याळ पाहिलं. शामसुंदर दुसऱ्या पाळीला गेला आहे, दहाच्या आत येणार नाही. पुलगावला तार करायची तर पोस्ट पाच वाजता बंद होतं, आणि तार पोचून ते गाडीत बसून इथं येईपर्यंत दोन दिवस जातील. दोन दिवसांत काय काय केलं जाऊ शकतं याचा हिशेब तिला करायचा नाही, पण डोकं करत राहतं. साबणाचं पाणी रविवारचं. रविवारी तिथं कुणी अंग धूत होतं, म्हणजे रविवारपर्यंत होतं. आज गुरुवार. ती मिनूच्या कपाळावरची पट्टी बदलते. दारात उभी राहून रस्त्याकडे बघते. सायकली जातात, एक स्कूटर जाते, एक बाई दळण घेऊन जाते. कुणालाही हाक मारता येईल. काल दूधवाल्याला विचारलं होतं, तुम्ही उतईकडले का? तो म्हणाला, नाही बाई, दुर्गचा. आज ती असं विचारत बसणार नाही. जो भेटेल त्याला सांगणार आहे, आणि कुणी भेटलं नाही तर लिहून ठेवणार आहे. तिनं पाठकोरा कागद घेतला आहे, आणि पहिलीच ओळ 'मी'नं सुरू केली आहे.

मी, कमलिनी, सेक्टर सहा. माझी मुलगी तापानं फणफणली आहे आणि मी घाबरले आहे, दोन्ही खरं आहे. तुम्ही हे वाचत आहात, म्हणजे तुमचे हात मोकळे आहेत. उतई लांब नाही. देवरावचं घर कुणीही दाखवेल, क्रेनवाला देवराव म्हणा. तो पहिल्या पाळीला गेलेला असेल तेव्हा जा, आणि एकटे जाऊ नका. म्हातारी बसा म्हणेल, बसू नका. साधना माहेरी गेली म्हणेल. ती माहेरी नाही, तिच्या वडलांचं पत्र माझ्याकडे आहे. अंगणातून सरळ मागच्या खोलीपाशी जा आणि मोठ्यांदा नावानं हाक मारा. साधना. बावीस वर्षांची आहे, सावळी, उजव्या मनगटाला भाजल्याची खूण आहे. तिला म्हणावं, ताईनं वाचलं. आतून आवाज आला तर तिथून हलू नका, शेजार गोळा करा आणि किल्ली मागा. आवाज आला नाही तरी हलू नका.